स्वखुशीने लिहिलेले चौदा अर्ज

कारखान्याच्या मॅनेजरला 'फॅमिली' हा शब्द फार आवडायचा. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमचा शिलाईचा कारखाना होता. पत्र्याच्या शेडखाली साठ-सत्तर बाया पँटा शिवायच्या, आणि हा गडी दर पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ उभा राहून सांगायचा, "आपण सगळे एक फॅमिली आहोत." फॅमिलीत लघवीला जायचं तर सुपरवायझरकडून टोकन घ्यावं लागतं, हे मला तिथेच कळलं. तरी आम्ही टाळ्या वाजवायचो. शेवटी बुंदीचं पाकीट मिळायचं ना.

त्या सगळ्यांत आम्ही चौदाजणी कायम होतो. बाकीच्या ठेकेदाराच्या, आज आहेत तर उद्या नाहीत. कायम असणं म्हणजे काय चीज आहे, हे आमच्या यवतमाळात राहिल्याशिवाय कळायचं नाही. कायम बाईची सासूसुद्धा आवाज चढवून बोलत नाही. आमच्या घरात तर एकटी मीच कायम. नवरा यवतमाळ ते दारव्हा काळी-पिवळी जीप चालवायचा. सवाऱ्या मिळाल्या तर मिळाल्या, नाहीतर स्टँडवर बसून तंबाखूचा खर्रा. "तुही कंपनी हाय म्हणून घर हाय," असं तो एकदा बोलून गेला होता. लग्नानंतर त्याने माझं केलेलं हे एकच कौतुक.

कारखान्यात माझं आणखी एक पद होतं. मी बारावी झालेली आणि अक्षर वळणदार, त्यामुळे सगळ्या बायांचे अर्ज माझ्याकडे यायचे. रजेचा अर्ज, रेशनकार्डात नाव चढवायचा अर्ज, नवऱ्याविरुद्ध पोलिसांत द्यायचा अर्ज आणि आठ दिवसांनी तोच मागे घ्यायचा अर्ज. जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळीचा घास, दुसऱ्या हातात पेन. पैसे मी कधी घेतले नाहीत. कोणी बोरं आणायचं, कोणी अंबाडीची भाजी. 'सविनय सादर', 'आपली नम्र' असं काही वाचून दाखवलं की बाया माना डोलवायच्या. मला वकिलीणबाई म्हणायच्या आणि मी फुगायचे. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

माझ्या शेजारच्या मशीनवर खाला. तिला सगळे खालाच म्हणायचे, मॅनेजरसुद्धा. नवरा ट्रॅक्टर मेकॅनिक होता, तो गेला तशी ती काज-बटणाच्या मशीनवर बसली. एकोणीस वर्षं तिथेच. त्या मशीनवर तिने दोन पोरी वाढवल्या, त्यांची लग्नं केली. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. उर्दू झरझर लिहायची, मराठी आमच्यासारखीच बोलायची, पण मराठी वाचता यायचं नाही. पगाराच्या कागदावर तिची सही उर्दूत असायची. क्लार्क दर महिन्याला तेच विचारायचा, "खाला, हे सुरू कुठून होते?" ती म्हणायची, "तुमचं जिथं संपते ना, तिथून."

रिटायर व्हायला तिला तीन वर्षं राहिली होती. तेवढी काढायची, मिळेल त्यात आपल्याच खोलीत राहायचं, हे तिचं ठरलेलं होतं. पोरींकडे जाणार नाही म्हणायची. "जावयाच्या घरची रोटी माह्या गळ्याखाली उतरत नाही, बाप्पा." तिला बाकी काही नको होतं. फक्त ती तीन वर्षं हवी होती.

मग तो रोग आला. त्याच्या स्वागताला आधी थाळ्या वाजवून झाल्या. बाल्कनीत या म्हणत होते. आमच्या गल्लीत बाल्कनी कोणाच्या बापाने बांधली होती? लोक नालीच्या काठावर उभे राहून बडवत होते. आमच्या ह्यांना तर इतकी देशभक्ती चढली की दूध तापवायच्या स्टीलच्या गंजाला पोचा पाडला. रोग गेला नाही, गंज मात्र कामातून गेला.

कारखान्याला कुलूप लागलं. पहिल्या महिन्याला अर्धा पगार आला. दुसऱ्या महिन्याला पगाराच्या जागी मेसेज आला, 'फॅमिलीने धीर धरावा.' जीप दारापुढे उभी. नवरा रोज सकाळी उठून तिला पुसायचा, जशी काही वरातीला जायची आहे. मी म्हटलं, "पुसता काय, तिच्यात भाजी भरा आन् विका." म्हणे, "मी डायव्हर हाय, भाजीवाला नाही." हा रुबाब दहा दिवस टिकला. अकराव्या दिवशी मागच्या सीटा काढून त्याने वांगी भरली. ओळखीचं कोणी दिसलं की तोंडावरचा रुमाल डोळ्यांपर्यंत ओढायचा. त्या रोगाचा आमच्या घरात तेवढाच एक फायदा झाला.

माझे नंदोई सरकारी कचेरीत आहेत. त्यांचा पगार घरात बसल्या बसल्या खात्यात पडत होता. ते रोज सकाळी आम्हा सगळ्या नातेवाइकांना मोबाइलवर शहाणपण पाठवायचे, 'या काळाने आपल्याला गरजा कमी करायला शिकवलं.' शिकवलं म्हणे! आणि दुपारी घरच्या पिझ्झ्याचा फोटो. मी इकडे वरणात पाणी वाढवत होते आणि तिकडे त्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवत होते. तेव्हाच चार शब्द सुनवायला हवे होते.

जूनमध्ये मॅनेजरचा फोन आला. आम्हा चौदाजणींनाच बोलावलं होतं. गेटवर हातांवर सॅनिटायझर, कपाळाला ती ताप मोजायची बंदूक, आणि ऑफिसात प्रत्येकीला एक-एक खुर्ची. खुर्ची! एकोणीस वर्षांत खालाला त्या ऑफिसात कोणी स्टूलसुद्धा दिलं नव्हतं. माझी अक्कल तिथेच जागी व्हायला पाहिजे होती. पण अक्कल घरी ठेवून आले होते बहुतेक.

"तुमचा फंड पडून आहे," मॅनेजर म्हणाला. आवाजात नुसता मध. "अशा वेळी तो तुमच्या कामी यावा, म्हणून मोठ्या साहेबांनी खूप धावपळ केली. फक्त त्याला काम सोडल्याचा अर्ज लागतो. नुसता कागद आहे, ताई. दिवाळीनंतर सगळ्याजणी आपापल्या मशीनवर या." मग माझ्याकडे बघून हसला. "आणि अर्ज आमच्या ताईच लिहितील. त्यांच्यासारखं कोणाला जमतंय?"

आमच्या ताई! तेवढ्यावर मी गेले.

त्याने नमुना पुढे सरकवला. 'घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने काम सोडत आहे. माझा सर्व हिशेब मला मिळाला असून माझी कंपनीकडे कोणतीही मागणी नाही.' माझा पेन थांबला, खोटं नाही सांगत. म्हटलं, "साहेब, हिशेब कुठं मिळाला?" तो म्हणाला, "फॉरमॅट आहे, ताई." झालं. फॉरमॅट म्हटलं की माझी बोलती बंद. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिणाऱ्या बाईला फॉरमॅट म्हणजे प्रत्यक्ष देव. आणि माझा शहाणपणा बघा, मला तो कागद कोरडा वाटला. म्हणून शेवटी एक वाक्य मी माझ्या पदरचं घातलं, 'कंपनीने मला नेहमी घरच्यासारखे वागवले, त्याबद्दल मी ऋणी आहे.' कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. चौदा अर्जांत चौदा वेळा लिहिलं, एकही खाडाखोड न करता.

तेराजणींच्या सह्या झाल्या, माझी धरून. खाला कागद हातात घेऊन बसली होती.

"काय लिवलं यात?"

"फंडाचं आहे, खाला."

"मंग काम सोडल्याचं काहून म्हणून राह्यले हे?"

"तसं लिहावंच लागते. नुसता कागद आहे." मॅनेजरचे शब्द माझ्या तोंडून असे निघाले, जसे काही माझेच.

आता खरं सांगते. मला घाई होती. चौदाही अर्ज एकदम गेले तरच फंड सुटेल, असं त्याने मधेच सांगून ठेवलं होतं. घरात दोन दिवसांचं तेल उरलं होतं आणि नवरा न विकलेली वांगी परत आणत होता. खाला अडली तर माझंही अडणार, हे माझ्या डोक्यात होतं.

"तू पुरं वाचलं ना?" तिने विचारलं.

"अवो, मीच लिहिलं ना!"

"मंग झालं," ती म्हणाली, आणि तिने सही केली.

फंड आला. पावसाळा संपायच्या आत तोही संपला. दिवाळी आली आणि गेली, बोलावणं आलं नाही. मॅनेजर फोन उचलेना. संक्रांत झाल्यावर निरोप आला की उद्या या. शेडमध्ये टेबल टाकून ठेकेदाराचा माणूस बसला होता. नवीन फॉर्म, नवीन नंबर, आजचा पहिला दिवस. मशीन तेच, सुपरवायझर तोच, टोकनही तेच. पगार मात्र जवळपास अर्ध्यावर आणि कायम हा शब्द कुठेच नाही. वर वयाची अट, पंचेचाळीसच्या आत.

खाला डबा घेऊन आली होती. तिला वाटलं, बोलावलं म्हणजे आजपासून कामच. ठेकेदाराच्या माणसाने तिचं आधारकार्ड बघितलं आणि एका बोटाने परत ढकललं. "मावशी, तुम्ही आता आराम करा." मॅनेजर काचेच्या आड बसून कॉम्प्युटरमध्ये असा डोळे घालून होता, की विचारू नका. नालायक माणूस! फॅमिलीतली बाई डबा घेऊन दारात उभी आहे आणि याला मान वर करता येईना.

आणि मी? मी बेचाळीसची होते. मी फॉर्म भरला. टेबल उलटवलं नाही, काचेवर चप्पल फेकली नाही. गुपचूप फॉर्म भरला आणि मशीनवर जाऊन बसले. काज-बटणाच्या मशीनवर त्यांनी एक नवीन पोरगी बसवली होती. तिला धागा ओवता येत नव्हता, तो मीच ओवून दिला.

कारखान्याच्या बुधवारच्या सुट्टीला आम्ही पाचजणी लपूनछपून कामगार कचेरीत गेलो. खालाही होती. तिथल्या साहेबांनी कंपनीने आधीच जमा केलेले आमचे अर्ज काढले, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचले. "स्वखुशीने. मागणी नाही. वर ऋणी आहे." मग आमच्याकडे बघितलं. "जबरदस्ती झाली म्हणता, बाई. ज्याच्यावर जबरदस्ती होते तो आभार मानतो का? कोणी लिहिले हे?" चौघींपैकी तिघींनी माझ्याकडे बघितलं. खाला वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिली. "पाहू काय करता येते," साहेब म्हणाले, आणि अजून पाहतच आहेत.

परत येताना खाला मला एका शब्दानेही टाकून बोलली नाही. तिने शिव्या दिल्या असत्या, वाटेत झिंज्या उपटल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "ऊन लय हाय, पदर घे डोक्यावर."

वर्षभर तिने घरी बसून साड्यांना फॉल-पिको केलं. पण लोकांनी साड्या घेतल्या तर फॉल लावायचा ना! शेवटी खोली सोडली आणि ती दारव्ह्याला थोरल्या पोरीकडे, जावयाच्या घरी राहायला गेली. रोटी उतरते की नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मागच्या महिन्यात ती अचानक माझ्या दारात. सरकारच्या निराधार योजनेच्या पगारासाठी अर्ज करायचा होता. रेशनकार्ड अजून यवतमाळचं, त्यामुळे इथल्याच तहसिलात द्यायचा. "तुह्याशिवाय मराठी अर्ज कोन लिवून देते मले," म्हणाली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, बाईने माफ केलं. चहा ठेवला, चांगला कागद काढला आणि साधा, सरळ अर्ज लिहिला. एक शब्द पदरचा घातला नाही.

लिहून झाल्यावर मी पेन तिच्याकडे केला. तिने तो घेतला नाही. पिशवीतून एक वही काढली, स्वतःचा पेन काढला आणि वही मांडीवर ठेवली.

"आता वाच. हळू वाच."

मी एक वाक्य वाचलं. तिने ते उर्दूत उतरवून घेतलं. दुसरं वाचलं, तेही घेतलं. मधेच थांबवायची. "अर्जदार म्हंजे कोन? मीच ना?" मी हो म्हटलं की पुढे. अख्खा अर्ज तिने असा वहीत घेतला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला आणि उर्दू ओळींवर बोट फिरवत ऐकत बसली. चहा गार होऊन गेला.

"करा आता सही," मी म्हटलं.

"सही मंग," तिने कागद घडी करून वहीत ठेवला. "पयले हे दुसऱ्या कोनाकून वाचून घेईन. माह्या वहीत हाय तेच निघालं, तर करीन." आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. भाजी निवडून घ्यावी तशी सहज बोलली. चहा पुन्हा गरम करून प्यायली, माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाली.

मी तिला ऑटोपर्यंत सोडायला गेले. सांगायचं होतं, खाला, नका दाखवू कोणाला, मीच लिहिलं ना. पण हे तर मी तेव्हाही म्हटलं होतं.