आईच्या अस्थी आणि गावचा घाट

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, माझ्या आईला गावच्या नदीघाटावरून हाकललं. पाय धुवायला ती वरच्या पायरीवर टेकली, एवढाच तिचा गुन्हा. अस्पृश्य बाईनं घाट बाटवला म्हणे! त्याच घाटाचे जांभ्याचे चिरे तरुणपणी तिनं डोक्यावरून वाहिले होते. तेव्हा नाही बाटले!

दोन वर्षांनी ती गेली. मामा म्हणाला, "अस्थी खाडीवर नेऊया रे. मेल्यावर तरी तिला सुखानं जाऊ दे."

"जिवंतपणी कुणी जाऊ दिलं, मामा?"

मग अस्थींचं मडकं मामानंच उचललं आणि घाटाची वाट धरली.

घाटावर गावचा मानकरी, गावकर, आडवा आला. "खालच्या उताराला जा. तुमची जागा तिकडे."

"इथलं पाणी तिकडेच जातं ना? मग आई जाईल आपली आपण," असं म्हणून मी पायऱ्या उतरलो. अस्थी सोडल्या आणि येताना आम्ही दोघांनी वरच्या पायरीवर बसून पाय धुतले.

वाचकहो, तुमच्या घाटाचे चिरे कुणी वाहिले ते आजच विचारा, आणि उद्या सकाळी त्यांच्या शेजारी पायरीवर बसा. ती माणसं जिवंत आहेत तोवर बसा.