खैरुनबीनं खोडलेला खर्च

नाटक कंपनीत मी अठ्ठावीस वर्षं राण्या केल्या. राजवाडा रंगवलेल्या कापडाचा, सिंहासन लाकडी खोक्याचं, पण हातातल्या बांगड्या खऱ्या. त्या भरायची गोंडपिपरीची खैरुनबी. तेव्हा ती नवी सून होती, सासूच्या मागं पेटी घेऊन हिंडायची. आज साठीला आली, तरी पोंभुर्ण्याच्या जंगलातल्या आमच्या गावांत लग्न ठरलं की आचाऱ्याच्याही आधी तिला निरोप जातो. आमच्याकडे चुड्याच्या दिवशी नवरीच्या आईनं गावातल्या प्रत्येक बाईचे हात आपल्या पैशानं भरून द्यायचे असतात. एक बाई सुटली तर वर्षभर बोलणी खावी लागतात.

गेल्या चैत्रात माझ्या शेजारणीच्या, सोमारीच्या पोरीचं, मयुरीचं लग्न ठरलं. तेंदूपत्ता तोडून, मोहफुलं वेचून सोमारीनं साठ हजार जमवले होते. त्यातले पंचवीस हजार मयुरीच्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या फीचे. लग्नानंतर आठवडाभरात फी भरली नाही तर परीक्षा नाही. उरलेल्या पैशांत लग्न बसवायचं होतं आणि ते काही केल्या बसेना.

आम्ही तिघी माझ्या ओसरीवर बसलो. सोमारी खर्च सांगत होती, खैरुनबी एकेक उडवत होती.

"हॉल काऊन पायजे? शाळेचं पटांगण वाघानं नेलं का?"

"डीजे, भाभी. नवरदेवाचे दोस्त म्हणून राह्यले."

"मंग दोस्तांईले म्हणा, आपल्या पैशानं नाचा."

विकतच्या प्लेटी गेल्या, पळसाच्या पत्रावळी आल्या. तरी दहा हजार जास्तच होत होते. ते दहा हजार चुड्याचे होते; तो खर्च सोमारीनं उच्चारलाच नव्हता. जिचं पोट त्यावर चालतं तिच्याच तोंडावर कसा उच्चारणार? रंगमंचावर वाक्य अडलं की विंगेतून कोणीतरी पुरवायचं. ओसरीला विंग नसते.

शेवटी खैरुनबीच म्हणाली, "दीडशे बायांचा चुडा. तो काऊन नाई सांगत?"

"तुले कसं सांगू व, भाभी?"

"खोड तो."

"बाया मले जगू देतीन का?"

"बायांचे हात मी भरतो ना. तू पैसे नको देऊ. माही सासू कुठी पैसे घेत होती? चिंच घे, मोहफूल घे, चारोळी घे. जिच्या घरी जे असंल ते तिनं आणावं."

चुड्याच्या दिवशी सोमारीच्या अंगणात बाया जमल्या, आणि नीलाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गावात तिच्या आवाजापुढं माझाही आवाज पडतो.

"लग्न सोमारीच्या घरचं अन् चिंच आमच्या घरची? हे कोणतं नाटक व, बाई?" हे माझ्याकडं बघून.

सोमारीचा चेहरा उतरला. माझ्या घशात राणी जागी झाली होती, पण त्याआधी खैरुनबीनं नीलाबाईचा हात धरून तिला खाली बसवलं.

"तुह्या लग्नात माह्या सासूनं चुडा भरला. तवा बायांनी काय देल्लं होतं, याद हाय?"

नीलाबाईचा आवाज खाली आला. "माह्या काकीनं मोहफुलं आणली होती. सूपभर."

"मंग? तुहं लग्न कमी झालं का?"

"कमी कायले होते! तीन दिवस चाललं." नीलाबाई उठली, घरी गेली आणि डोक्यावर चिंचेची टोपली घेऊन परत आली. "घे. अन् माह्या हाताले हिरव्याच भर, लाल नाई पायजे."

मग बाकीच्यांनाही रिकाम्या हातानं बसवेना. दुपार उतरेपर्यंत खैरुनबीजवळ तीन पोती भरली.

"तुझं नुकसान झालं गं," मी म्हणाले.

"झालंच ना. या महिन्यात हॉलवाल्यांची दोन लग्नं हायेत, त्याईच्याकडून काढीन." ती हसली. पण पोतं उचलून बघताना तिनं पाठीला हात लावला, तो मी पाहिला.

या गडबडीत नवरीच मागं राहिली होती. मयुरी पुढं बसली. खैरुनबीचं नाव घट्ट बांगडीसाठी. तळहात असा दाबते की बांगडी न फुटता, न दुखता मनगटावर चढते आणि हलत नाही. ढिली बांगडी भरणारीला आमच्याकडं कच्च्या हाताची म्हणतात. त्या दिवशी तिनं पेटी चाळून एक माप मोठ्या काढल्या.

"मावशी, ढिल्ल्या होऊन राह्यल्या."

"राहू दे. दवाखान्यात बांगड्या चालत नाई ना? काचेच्या घट्ट भरल्या तर फोडूनच काढा लागतीन. नव्या नवरीनं काऊन फोडाव्या?"

"लोकं तुले नाव ठेवतीन, भाभी," सोमारी म्हणाली.

"ठेवू दे नाव. मले पोराईची लग्नं करायची नाई रायली आता," असं म्हणत तिनं पुढची बांगडी सरकवली.

लग्न पटांगणात झालं. सोमवारी मयुरीनं चंद्रपूरला जाऊन फी भरली, बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि रुमालात बांधून आपल्या पेटीत ठेवल्या. एकही फुटली नाही.