तिने पाहिलेली ओहोटी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एक लहानसं गाव आहे. मी तिथे कधी गेलेले नाही. पण स्टेशनातून बाहेर पडल्यावर समुद्राकडे जायला कुठे वळायचं, हे मी आजही सांगू शकते.

माझ्या मैत्रिणीची मुलगी लग्नानंतर त्या गावी राहायला गेली. मैत्रीण आणि मी इथे स्नेहलतागंज मोहल्ल्यात दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहतो. एकाच शाळेत आम्ही एकोणतीस वर्षं शिकवलं. मी भूगोल, ती हिंदी. मी निवृत्त झाले त्याच वर्षी माझे यजमान गेले. तेरावं झाल्यावर ती आली, माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "आता बस झालं रडणं. आपण दोघी मुलीकडे जाऊ. पूरा महिनाभर."

त्या एका वाक्याने मला उभं केलं, हे मी आजही नाकारत नाही.

मी एक वही घेतली आणि त्या गावात काय काय पाहायचं ते लिहायला लागले. समुद्रात लांबवर गेलेला लाकडी धक्का, त्याच्यावर खेळांची आणि खाऊची दुकानं. किनाऱ्यावर रेतीऐवजी गोटे, म्हणून जाड तळाचे बूट. रंगीत लाकडी खोल्यांची रांग. कड्यावर चढणारी जुनी दोरगाडी. जाताना त्या गाडीने जायचं, येताना पायऱ्यांनी उतरायचं. तळलेले बटाटे उघड्यावर खायचे नाहीत, समुद्रपक्षी हातातून पळवतात. आणि सगळ्यात वर, लाल शाईने, जुनं बंदर.

भरती-ओहोटी मी जन्मभर फळ्यावर शिकवली. समुद्र पाहिला होता दोनदा, दोन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नाच्या घाईत. त्या बंदरात ओहोटीला पाणी पार निघून जातं आणि नावा चिखलात आडव्या पडून राहतात. सहा तासांनी त्याच नावा तरंगायला लागतात. वहीत मी लिहिलं होतं, 'सकाळी एकदा, दुपारनंतर एकदा. दोन्ही वेळा एकाच जागी उभं राहून बघणे.'

वही वाचून मैत्रीण हसली. "यार, तू तर तिथेही घंटा वाजवशील!" मग मुलीला दाखवते म्हणून ती वही घेऊन गेली.

तिचा व्हिसाचा फॉर्म मी भरला. तिला कॉम्प्युटरची भीती वाटते. चार दिवस दुपारी ती माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायची. तिचा भरून झाल्यावर मी माझा उघडला, तर म्हणाली, "तू रुक जरा. मुलगी तुझ्या नावाचं निमंत्रणाचं पत्र पाठवतेय. ते आलं की भर."

मी थांबले. दर आठवड्याला विचारायचे. "अगं, ऑफिसात फार बिझी आहे ती." मग एक दिवस म्हणाली, "माझेही गुडघे बोलतायत. पुढच्या वर्षीच जाऊ, कसं?" मला वाईट वाटलं, ते तिच्या गुडघ्यांसाठी.

पंधरा दिवसांनी मी तिच्यासाठी गुडघ्यांना लावायचं तेल आणि लसणाची शेव घेऊन गेले. दार तिच्या यजमानांनी उघडलं.

"बाई, तुम्ही?" ते म्हणाले. "ती तर परवाच गेली ना."

"कुठे, भावजी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "मुलीकडे. आमची ताई गेलीये सोबत, देवासची. मतलब... तुम्हाला सांगितलं नाही तिने?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "मीच विसरले."

त्यांनी चहाचा फार आग्रह केला. मी शेव टेबलावर ठेवली आणि जिने उतरले. खाली आल्यावर काही केल्या चप्पल पायात जाईना.

मग तिच्या स्टेटसवर फोटो यायला लागले. धक्का. रंगीत खोल्या. दोरगाडीत दोघी, नंतर पायऱ्यांवर दोघी. माझ्या वहीतल्या क्रमाने. मी पाहणार नाही असं ठरवायचे आणि पाहायचे. आठव्या दिवशी बंदराचा व्हिडिओ आला. नावा चिखलात कलंडलेल्या, आणि तिचा आवाज नणंदेला सांगतोय, "चंद्र ओढतो बरं का पाणी. आता सहा तासांनी याच जागी येऊन उभं राहायचं." माझं वाक्य. त्यातला 'बरं का' सुद्धा माझा.

मी फोन उलटा ठेवला आणि कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी ती आली. हातात गुलाबी साखरेची कांडी. कुठेही तोडली तरी आत त्या गावाचं नाव दिसतं, म्हणाली.

"पत्र येणार नव्हतंच ना?" मी विचारलं.

तिने पदराचं टोक मुरडलं. "मी मुलीला कधी विचारलंच नाही."

"का?"

"तू असतीस तर मी तुझ्या मागे-मागे फिरले असते," ती म्हणाली. "तू दाखवशील ते बघायचं, तू म्हणशील तेव्हा बसायचं. शाळेत तेच, बाहेर तेच. एकदा मला पुढे चालायचं होतं गं."

"मग तसं सांगायचं होतंस."

"तुला? तेव्हा? तुझी हालत बघून हिंमत नाही झाली."

ती म्हणाली त्यात तथ्य होतं, हे मला कळत होतं. पण म्हणून राग कमी झाला नाही. माझा फॉर्म थांबवताना तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं होतं, आणि माझ्याच हातून स्वतःचा भरून घेतला होता.

तरी आम्ही बोलत राहिलो. तिने भाजी दिली, मी लोणचं दिलं. एवढ्या वर्षांची सवय.

मग गेल्या संक्रांतीला शाळेतल्या आम्ही सगळ्या जुन्या शिक्षिका एकीच्या घरी जमलो. ती त्या गावाबद्दल छान सांगत होती, सगळ्या ऐकत होत्या. मध्येच एकीने मला विचारलं, "अरे, तुम्ही तर दोघी जाणार होता ना?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "हिला व्हिसाच मिळाला नाही, बिचारीला."

तिथे आवाज फारसा चढला नाही माझा. "मी अर्जच केला नव्हता," मी म्हणाले. "हिने मला करू दिला नाही."

घरच्या बाईंनी घाईघाईने तिळाच्या वड्यांचं ताट पुढे केलं आणि कुणीतरी थंडीचा विषय काढला. मैत्रीण खाली बघत होती. निघताना तिने विचारलं, "रिक्षा एकच करू?"

"तू जा," मी म्हणाले.

मी पायी घरी आले. त्यानंतर तिने दोनदा फोन केला, मी उचलला नाही. तिसऱ्यांदा तिने केलेला नाही.