महानंदाच्या हातची नागवेल

गंगाखेडच्या तहसील कचेरीत वीरुपाक्ष नक्कलनवीस होता. राज्य निजामाचं, दफ्तर सगळं उर्दूत. मिसल, म्हणजे प्रकरणाची कागदपत्रं, समोर यायची, तो तिची हुबेहूब नक्कल उतरवायचा, खाली दुसऱ्याची सही व्हायची, शिक्का बसायचा आणि कागद ज्याचा त्याला जायचा. बारा वर्षं त्यानं लोकांची भांडणं, लोकांच्या जमिनी, लोकांचे अर्ज लिहिले. स्वतःचं म्हणून एक वाक्य लिहायची पाळी कधी आली नाही. चाळिशी यायच्या आतच मान आखडली. संध्याकाळी उजव्या हाताची दोन बोटं सरळ होईनात, जेवताना घास सांडायचा.

एकदा चौकशीच्या कामाला पेशकारसाहेबांबरोबर तो राणीसावरगावला गेला. ज्यांच्याकडे उतरले त्या किशनरावांनी निघताना त्याच्या हातात केळीचा एक मुनवा दिला.

"न्हाणीच्या मागं लावा, मुन्शीजी. सांडपाणी आयतंच मिळंल."

वीरुपाक्षचं घराणं किराणा दुकानदारांचं. त्यानं जन्मात कुदळ धरली नव्हती. तरी त्यानं परसात खड्डा खणला, मुनवा लावला आणि विसरून गेला. पंधरा दिवसांनी केळीनं पोपटी रंगाची एक सुरळी वर काढली. ती उलगडायला तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस तो कचेरीतून आला की पायरीवर बसून तिच्याकडेच बघत राहिला. आपण लावलं म्हणून हे आलं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

मग नादच लागला. अळू आला, कर्दळ आली, पपई आली, मोगऱ्याच्या कुंड्या झाल्या. कचेरीतून आला की शेरवानी खुंटीला अडकवायची, धोतर खोचायचं आणि थेट परसात. मातीत हात घातला की बोटं हळूहळू मोकळी व्हायची. तिथं पेशकार नव्हता की तहसीलदार नव्हता. जुम्याच्या, शुक्रवारच्या सुट्टीला तर तो जेवायच्या हाकेलाही उठत नसे.

त्याची बायको महानंदा हे सगळं चुलीपाशी बसून बघायची. एकुलती लेक भागम्मा गेल्या साली वालूरला दिली होती. दिवसभर घरात ती एकटी, आणि संध्याकाळी नवरा घरी आला तरी एकटीच. पण ती कधी तसं बोलली नाही.

एकच गोष्ट वीरुपाक्षला साधेना. नागवेल. झरीच्या पानमळ्यातून त्यानं तीनदा वेलीची कांडं आणली, तिन्ही वेळा ती काळी पडून कुजली. चौथ्यांदा आणून शेवग्याच्या बुडाशी लावली, आणि तेवढ्यात हुकूम आला: जमीनमोजणीच्या बंदोबस्ताच्या कामाला तीन महिने सेलूला जायचं.

निघायच्या आधी त्यानं सुबक अक्षरात एक कागद लिहिला. केळीला किती घागरी, मोगऱ्याला किती तांबे, वेलीला सकाळी दोन, संध्याकाळी दोन. महानंदाला वाचता येत नव्हतं. त्यानं तो दोनदा वाचून दाखवला आणि परसाच्या दाराला खळीनं चिकटवला.

श्रावणात गेलेला वीरुपाक्ष दिवाळीच्या तोंडावर परत आला. सेलूहून येताना सबंध वाटभर त्यानं मनाशी बागेची दैना रंगवली होती. केळ वाळली असेल, मोगरा गेला असेल, महानंदा रडवेली होऊन म्हणेल, तुमच्याशिवाय काही जगत नाही बघा. खरं सांगायचं तर ते ऐकायला तो थोडा उतावीळच झाला होता.

परसात पाऊल टाकलं आणि तो जागीच थांबला. केळीला घड लागला होता. आणि शेवग्यावर नागवेल चढली होती, पुरुषभर उंच, पानं तळहाताएवढी, तुकतुकीत.

"ही कशी काय जगली?" त्यानं विचारलं.

"जगली बगा," महानंदा म्हणाली. तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "मी काय केलं? जुनं लुगडं बांधून सावली केली. मातीत बोट घालून बगायची. वलं लागलं तर पाणी न्हाई घातलं."

"कागदावर दोन तांबे लिहिलं होतं."

"कागद हाय की दाराला."

वीरुपाक्ष हसला नाही. वेल बघून आनंद व्हायला हवा होता. बसला मात्र भलताच एक चटका, छातीत, डाव्या बाजूला. आपल्याला तीन खेपांत जमलं नाही ते हिला गंमत म्हणून जमलं.

पुढं तो चटका वाढतच गेला. आळीतल्या बाया लग्नकार्याला पानं मागायला यायच्या आणि दारातूनच हाक मारायच्या, "महानंदाबाई, हायत का?" वीरुपाक्ष पायरीवर बसलेला असायचा, पण त्याला कोणी विचारत नसे. शेजारची कडूबाई तर भिंतीवरून म्हणायची, "अप्पा, बाईच्या हाताला लय गुण हाय हो." मग तो मान न उचलता सांगायचा, "कांडं मी आणली होती झरीहून." कडूबाई बरं म्हणायची, पण ते तिच्या कानापलीकडे जायचं नाही.

तो महानंदावर नजर ठेवू लागला. ती पहाटे परसात जायच्या आधी हा जाऊन पाणी घालायचा. ती कुठं बसली होती ते पावलांवरून शोधायचा. एकदा त्यानं मोगऱ्याच्या दोन सारख्या कुंड्या निवडल्या, एक आपली ठरवून तिला फक्त स्वतः पाणी घातलं, एक तिची म्हणून तिच्यावर सोडली. तिला यातलं काही सांगितलं नाही. महिन्याभरात तिच्या कुंडीला कळ्या आल्या. मग त्यानं गुपचूप कुंड्यांची अदलाबदल केली. झालं असं की त्याच्याकडे आलेली कळ्यांची कुंडी रुसली आणि तिच्याकडे गेलेली तरारली. चाळीस वर्षांचा शहाणा माणूस, कचेरीत ज्याच्या अक्षराला कोणी नाव ठेवत नसे, तो दोन कुंड्यांपुढं उकिडवा बसून दातओठ खात होता.

लग्नाकार्यांतून ती पानं तहसीलदारसाहेबांच्या घरापर्यंत पोचली, आणि मग साहेबांनी त्याला समोर बोलावलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"मुन्शीजी," साहेब हसून म्हणाले, "आपके घर का पान बेगमसाहेबा को बहुत पसंद आया. सुना है आपकी बीवी के हाथ में बरकत है."

वीरुपाक्षनं झुकून सलाम केला. बाहेर आला, आपल्या जागेवर बसला, बोरू उचलला. हजारो कागद या हातानं लिहिले. एकाबद्दलही साहेब असं बोलले नव्हते. त्या दिवशी त्यानं एका अर्जात दोन ओळी गाळल्या आणि सगळी नक्कल पुन्हा लिहावी लागली.

दुसऱ्या दिवशी जुमा होता. महानंदा दुपारी मठात गेली होती. वीरुपाक्ष विळा घेऊन केळीची वाळकी पानं काढायला म्हणून परसात गेला. वेलीपाशी आला. हात लावून बघावा तसा त्यानं बुडाला हात लावला, आणि एका दमात ती तोडली. नुसती तोडून थांबला नाही, मूळ ओढून काढलं, खालची पानं ओरबाडून इकडंतिकडं टाकली. सगळं मिळून चार श्वासांचं काम. नंतर हात धुतले आणि विळा जागेवर ठेवला.

महानंदा परत आली आणि परसात गेली. मग दाराशी येऊन तिनं विचारलं, "अहो, शेळी आली होती का इकडं?"

"आसंल," वीरुपाक्ष म्हणाला.

एवढा एकच शब्द. पण तेवढ्यानं भागलं. कडूबाई रांडमुंड बाई, तिची सगळी मत्ता म्हणजे एक दुभती शेळी. महानंदा आयुष्यात कोणाला वेडंवाकडं बोलली नव्हती, पण त्या दिवशी ती भिंतीपाशी उभी राहून कडूबाईला नाही नाही ते बोलली. कडूबाई शपथा वाहत होती, "माय, सकाळपासून बांधलेली हाय ती. महादेवाची आण." वीरुपाक्ष आत पाटावर बसून ऐकत होता. त्याच्यापुढचं ताक तसंच राहिलं.

दोन दिवसांनी बाजार होता. कचेरीला निघालेल्या वीरुपाक्षला वाटेत कडूबाई भेटली. हातात दोरी, मागं शेळी.

"कुठं निघालात?"

"इकून टाकते हिला, अप्पा." कडूबाईचे डोळे सुजले होते. "बाई माज्याशी बोलत न्हाई. कोण जाणं, सुटली बी आसंल मेली. जनावरापायी शेजार तुटाय नको."

वीरुपाक्ष उभाच राहिला. कचेरीची वेळ झाली होती. त्यानं कडूबाईच्या हातातून दोरी घेतली, अंगातल्या शेरवानीनिशी शेळी ओढत आळीतून परत घरी आला. बघणाऱ्यांनी बघितलं. महानंदा अंगण सारवत होती.

"शेळीनं न्हाई खाल्ली," तो म्हणाला. "मी तोडली."

मागोमाग आलेली कडूबाई खाली मान घालून उभी राहिली. महानंदाचे हात शेणात तसेच राहिले.

"का?"

दुसऱ्यांचे हजार जबाब ज्यानं उतरवले, त्याला स्वतःचा एक जबाब देता येईना. शेवटी तो म्हणाला, "लोक तुझं नाव घ्यायले."

"मग घ्यायले की!" महानंदाचा आवाज चढला. "आजवर ह्या गावात माजं नाव कुणी घेतलं होतं? मुन्शीजीची बायको म्हणायचे, भागम्माची माय म्हणायचे. तुमी कचेरीतून येता, परसात जाता, तुमाला तेवढा इसावा हाय. मी चुलीपासनं उठून कुठं जाऊ?"

तिनं हात धुतले, कडूबाईची माफी मागितली आणि तिच्याबरोबर तिच्या घरी निघून गेली.

सांजच्याला ती परत आली, स्वयंपाक केला, वाढलं. पण परसाचं दार तिनं पुन्हा उघडलं नाही. वेलीची दोन कांडं तिनं दिवाळीआधीच कडूबाईला दिली होती, हे वीरुपाक्षला आत्ता कळलं. ती कडूबाईच्या अंगणातल्या पांगाऱ्यावर लागली होती. महानंदा रोज दुपारी तिकडं जायची. भिंतीपलीकडून दोघींचं बोलणं ऐकू यायचं, मधूनच हसणं. पूर्वी तो बायकोवर जळायचा, आता कडूबाईवरही जळू लागला. आपल्या परसात तो एकटा बसायचा, केळीला घागरी मोजून घालायचा, पण बोटं काही मोकळी होईनात. बाग होती तशी होती. विसावा मात्र गेला होता.

असे चार महिने गेले. एका जुम्याला तो उठला, रस्त्यावरून वळसा घालून कडूबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मला शिकवतीस का?" त्यानं महानंदाला विचारलं. कडूबाईदेखत विचारलं.

महानंदानं त्याच्याकडं बघितलं. मग बाजूला सरकून जागा केली. "बोट घाला मातीत."

त्यानं घातलं.

"वलं हाय का कोरडं?"

"कळत न्हाई."

"मग थांबा. कळंस्तोवर बसायचं."

तो बसला. कडूबाईनं शेळीचं दूध घालून चहा केला. ऊन भिंतीवरून खाली सरकलं तरी तिघं तिथंच होती.

पुढच्या श्रावणात महानंदानं परसाचं दार उघडलं. कडूबाईच्या वेलीची दोन कांडं आणली. एक तिनं शेवग्याखाली लावलं, एक वीरुपाक्षला दिलं. त्यानं ते पपईजवळ लावलं, सावली केली, रोज बोट घालून बघितलं. महिन्याभरात त्याचं कांडं काळं पडलं. तिचं शेवग्यावर चढलं.

तेव्हाही त्याला तोच चटका बसला, छातीत, डाव्या बाजूला. दोन दिवस त्यानं सोसलं. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता तो म्हणाला, "महानंदा, तुझी वेल बघितली की माझ्या पोटात दुखतं अजून."

महानंदानं भाकरी मोडून त्याच्या ताटात टाकली.

"दुखू द्या," ती म्हणाली. "सांगितलंत, बरं केलंत. विळा तेवढा मी माज्याजवळ ठेवीन."

आणि बऱ्याच दिवसांनी वीरुपाक्ष मोठ्यानं हसला.