बंद केलेलं इंजिन

वडिलांच्या दहाव्याला आम्ही इंदापूरजवळ भीमेच्या काठी जमलो होतो. पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. शेजारीच एक म्हातारा डिझेल इंजिन लावून उसाला पाणी देत होता. आम्ही काही म्हणायच्या आत त्यानं इंजिन बंद केलं, डोक्याचा टॉवेल काढला आणि मान खाली घालून उभा राहिला.

रीतीप्रमाणे एकेक जण पिंडासमोर येऊन वडिलांची राहिलेली इच्छा पुरी करायचा शब्द देऊ लागला. कावळा फांदीवरून हलेना. शेवटी मी म्हणालो, "आबा, आईला मी सांभाळीन." कावळा उतरला.

निघताना मी म्हाताऱ्याचे आभार मानले. तो म्हणाला, "आमी बौद्ध. आमच्यात आत्मा मानत न्हाईत, आन् पिंडबी न्हाय."

"मग इंजिन कशाला बंद केलंत?"

"तुमी शब्द देणार हुता. कावळा उडून जाईल. हितल्या माणसांना तरी ऐकू यायला नको व्हय?"

एवढं बोलून त्यानं इंजिनाला हँडल मारलं.

हल्ली आईवर माझा आवाज चढला, की ते इंजिन एकदम बंद होतं आणि माझं मलाच ऐकू येतं.