साहेबांना विचारणारं माणूस हवं

सातपुतेसाहेबांची नि माझी पहिली भेट लखनौला, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत, भाजीच्या ठेल्यावर झाली. मी सांगलीहून नुकताच रेल्वेच्या नोकरीवर आलो होतो आणि ठेलेवाल्याला घेवडा म्हणजे काय ते समजावताना घामाघूम झालो होतो. मागून आवाज आला, "पाहुणे, इथं बोटानं दाखवा आणि गप्प राहा. घेवड्याला इथं सेम म्हणतात. भैया, सेम दे दो इनको. चला, घरी चहा घेऊ." त्या चहापासून मी त्यांचा शिष्य आहे. पुढं मला टायफॉइड झाला तेव्हा साहेब रोज स्वतः मऊ भात शिजवून आणत. तो इतका बेचव असे, की मी त्या धास्तीनंच लवकर बरा झालो.

रेल्वेचे डबे सुधारायच्या नव्या कल्पना साहेबांना सुचत कशा, असं पुष्कळजण विचारतात. ते एकांतात डोळे मिटून बसत असतील, अशी लोकांची समजूत. छे! एकांतात त्यांना काही म्हणजे काही सुचत नसे. ऑफिसात अडलेलं कोडं ते घरी बायकोला, म्हणजे आमच्या सुमनकाकूंना, मराठीत सांगत. काकू मटार सोलता सोलता ऐकत आणि इंजिनीअरिंगचा गंध नसल्यानं बेधडक काहीही विचारत.

एकदा डब्याचं दार धावत्या गाडीत खडखडत होतं. आम्ही सगळे दीडशहाणे शेडमध्ये उभ्या डब्याची कडी आवळत बसलो होतो. काकूंनी विचारलं, "गाडी उभी असताना पण वाजतं का हो ते?"

"अगं, उभ्या गाडीत कसं वाजेल? तेव्हा चौकट सरळ असते..." एवढं बोलून साहेब थांबले.

धावताना चौकटच पिळवटते, हे त्यांना स्वतःच्याच उत्तरात सापडलं. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांसमोर त्यांनी काकूंचं नाव घेऊन ते सांगितलं.

गुडघ्यांमुळे काकूंना शेवटी शेवटी डब्यात चढवत नसे. माहेरी जायचं राहूनच गेलं. साहेबांनी त्यांच्यासाठी घडीची पायरी करायला घेतली होती. ती व्हायच्या आधीच काकू गेल्या आणि साहेबांचं सुचणंही थांबलं. पायरी पुरी करायची, एवढा एकच ध्यास त्यांना आता उरला आहे.

शहरातल्याच अलीगंजहून त्यांची नात येते. गुणी पोर. साहेब तिला मराठीत सगळं सांगतात, ती म्हणते, "हाँ दादाजी, समझ गई." ती गेल्यावर साहेब मला म्हणाले, "तिला सगळं लगेच समजतं हो. समजणाऱ्याशी बोलून मला काय सुचणार?" मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून दर रविवारी मी जातो आणि खुळे प्रश्न विचारतो. या कामाला मी जन्मजात लायक आहे. पायरीची घडी आता जमली आहे. धावत्या गाडीत ती उलगडू नये, एवढंच अडलं आहे.

पण मी आता निवृत्त होऊन सांगलीला परततो आहे. परवा हे सांगितलं तेव्हा पंच्याहत्तरीचे साहेब मला सोडायला फाटकापर्यंत आले. मग म्हणाले, "अच्छा. मग पुढच्या रविवारी कोण?"

तो प्रश्न घेऊनच मी साहेबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त हे चार शब्द लिहायला बसलो. साहेबांना निरोगी, उदंड आयुष्य मिळो, हे मागणं तर आपल्या सर्वांचंच आहे. पण लखनौतल्या मराठी मंडळींनो, तुमच्यापैकी कुणीतरी रविवारी त्यांच्या फाटकाशी जाऊन "मी आलोय" एवढं म्हणा.