न मारलेली उडी

मी मळलेल्या कपड्यांना गुण देत होतो. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

राहात्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी खेळ शिकवतो आणि जिल्ह्याच्या मुलींच्या बेसबॉल संघाच्या निवड समितीवर आहे. आमच्याकडे बेसबॉल क्रिकेटच्याच मैदानावर चालतो, आणि निवडणारे आम्हीही क्रिकेटवरच वाढलेले. आउटफिल्ड म्हणजे पार मागे, मोकळ्या मैदानात उभ्या राहणाऱ्या तीन मुली. त्यांची चाचणी मी अशी घ्यायचो : स्वतः बॅट घेऊन प्रत्येकीकडे दहा उंच चेंडू मारायचे आणि झेल मोजायचे. जी अंग झोकून देऊन झेल घेते, तिला एक गुण जादा. पँटीला काळी माती लागलेली दिसली की माझं मन भरून यायचं.

गेल्या वर्षी मधल्या जागेसाठी, म्हणजे सेंटर फिल्डसाठी, दोघींत चुरस होती. एक उडी मारून मारून झेल घेत होती. दुसरी अकरावीतली, सडपातळ, जवळजवळ सगळे झेल तिने उभ्या उभ्या घेतले. मला वाटलं, माझ्याच हातून तिच्याकडे सोपे चेंडू गेले. वर सगळ्यांसमोर म्हणालो, ‘‘तुझ्या आईला आज कपडे धुवायचं काम नाही.’’ मुली हसल्या. तीही जरा हसली आणि पाणी प्यायला निघून गेली. संघात मी उड्या मारणारीला घेतलं. त्यानंतर ही मुलगी मैदानावर दिसली नाही, आणि खरं सांगतो, मी चौकशीही केली नाही.

यंदाच्या चाचणीला आठवडा होता. एका पालकांनी मोबाईलवर गेल्या वर्षी चाचणीच्या आधी झालेल्या सराव सामन्याचा व्हिडिओ पाठवला. उडीचा झेल पुन्हा बघावा म्हणून शनिवारी दुपारी तो लावला. त्यात डावीकडे उड्या मारणारी होती आणि मध्ये ही. बॅटचा आवाज होतो, डावीकडची क्षणभर जागेवरच असते, मग धावते, उशीर झालेला असतो म्हणून उडी मारते. मधली मात्र आवाजाबरोबर निघालेली असते. चेंडू खाली येतो तेव्हा ती तिथे आधीच उभी असते, एखाद्याची वाट बघत थांबल्यासारखी. चेंडू सोपे नव्हते. तीच ते सोपे करत होती. मी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की मोबाईल तापला.

रविवारी चर्चमध्ये पापकबुलीची प्रार्थना सुरू झाली. बाकीच्यांच्या मनात काय काय असेल ते असो, मला फक्त मैदान दिसत होतं. उपासना संपल्यावर तसाच त्या मुलीच्या वस्तीवर गेलो. अंगणात तिची आई पेरू निवडून क्रेट भरत होती. ‘‘बसा सर,’’ म्हणाली, पण हात थांबवला नाही.

मी म्हणालो, ‘‘ताई, गेल्या वर्षी माझं चुकलं. मुलीला मी ओळखलंच नाही.’’

‘‘मी वळखते तिला,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी सगळ्यांच्या म्होरं बोल्ला व्हता न्हवं? मग माफी हितं पेरूंच्या म्होरं कशाला?’’

दारात उभी असलेली मुलगी खाली बघून हसू दाबत होती. मी तिला विचारलं, ‘‘तुला चेंडू कुठं पडणार ते आधी कसं कळतं?’’

‘‘आवाजावरून, सर. भरीव आला की मागं पळायचं, पोकळ आला की पुढं. आणि मारणारीचा खांदा दिसतोच की.’’ मग थांबून म्हणाली, ‘‘यंदा बारावी आहे. शेवटचं वर्ष आहे माझं.’’

‘‘म्हणूनच आलोय. चाचणीला ये.’’

‘‘येईल ती,’’ आई म्हणाली. ‘‘आदी तुमी या, बोलायची तयारी करून.’’

चाचणीच्या सकाळी मी सगळ्या मुलींसमोर उभा राहिलो. गेल्या वर्षी काय बोललो, ते कसं चूक होतं आणि मला काय दिसलं नव्हतं, हे सांगितलं. पहिल्या दोन वाक्यांनंतर फार हलकं वाटलं. पन्नाशीच्या माणसाने मुलींची माफी मागणं त्यांनाही नवं असावं. त्या माझ्यापेक्षा जास्त अवघडून उभ्या होत्या.

मग मी समितीतल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांना म्हणालो, ‘‘या वेळी मी चेंडू मारणार नाही. मुलींचाच सामना लावू. आणि आपण चेंडूकडे बघायचं नाही. बॅटचा आवाज आला की फक्त मागच्या तिघींचे पाय बघायचे.’’

‘‘सर, आपण खेळाडू निवडतोय का बूट?’’ ते म्हणाले. पण बसले.

पहिले चारपाच चेंडू त्यांची नजर सवयीने वर जात होती. मग एका मुलीने डावीकडच्या मोकळ्या पट्ट्यात, खूप लांब, चेंडू मारला. सहकारी या वेळी खालीच बघत होते. त्यांनी माझा दंड धरला. ‘‘अहो, ही तर कधीच निघाली.’’ मध्ये उभी असलेली ती मुलगी तिरकी धावत गेली, शेवटची दोन पावलं चालत गेली आणि झेल घेतला. मैदानावर कोणी टाळी वाजवली नाही. आम्ही दोघं खुर्च्यांवरून उठून वाजवत होतो, म्हणून मुली आमच्याकडेच बघायला लागल्या.

संघ लिहायला बसलो तेव्हा सेंटर फिल्डवर बोलणंच झालं नाही. तिचं नाव सहकाऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. उड्या मारणारीला डाव्या बाजूला घेतलं. तिथे तिचं धाडस कामाचं होतं.

नावं वाचून दाखवली. सेंटर फिल्डसाठी आपलं नाव ऐकून ती दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकून उभी राहिली, लांब धावून आल्यासारखी. मग सरळ झाली आणि डावीकडचीला म्हणाली, ‘‘मी ‘माझा’ म्हणून ओरडले की तू थांबायचं हं. दोघी एकमेकींवर आपटलो तर सर दोघींना गुण देतील.’’

सगळ्या हसल्या. सगळ्यांत जास्त मी हसलो.

घरी जायची वेळ झाली होती, पण ती मागे जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली आणि हात वर करून म्हणाली, ‘‘सर, थोडे मारा ना. लांब मारा.’’

मी बॅट उचलली. माझा खांदा फिरायला लागला आणि ती निघालीसुद्धा.